तिने बोलण्याआधी मी काय सांगायचं

भोपाळ, १८ सप्टेंबर, रात्री

आज दुपारचा तास पोक्सो कायद्यावर, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्यावर होता. तास संपला तरी कुणी उठेना. मेसमध्ये ताटावर बसल्यावर तोच विषय, वर खोल्यांकडे येताना जिन्यातही तोच. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

पुढे कधी हे पान काढून वाचलं तर संदर्भ लागावा म्हणून आधी थोडं नोंदवते. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची ही पदविका एक वर्षाची आहे. सहा महिने घरी राहून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि शेवटचे तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेकडे येतो, म्हणून मी इथे श्यामला हिल्सवर. बरोबरचे बहुतेक जण शिक्षकच. तिघातिघांचे गट करून सराव चालतो: एक समुपदेशक, एक विद्यार्थी, आणि तिसऱ्याने नुसतं बघून टिपणं काढायची. ऐकणं किती अवघड असतं त्यावर मागची पानं भरली आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

आज सरांनी उदाहरण दिलं ते असं. अकरावीतली मुलगी, वय सोळा. वर्गातल्याच एका मुलाशी तिचं जमलं आहे, दोघांच्या मर्जीने संबंध आले आहेत. पाळी चुकली म्हणून घाबरून ती तुमच्या खोलीत येते आणि म्हणते, "घरी सांगणार नाही ना?" तुम्ही काय म्हणाल?

कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. २०१२ च्या पोक्सोनुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक, तिच्या संमतीला कायद्याच्या लेखी किंमत नाही. कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. कळवलं नाही तर कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. समुपदेशकाला यातून सूट नाही. म्हणजे ज्या मुलाची काळजी तिच्या डोळ्यांत दिसते आहे, त्याचं नाव माझ्यामुळे एफआयआरमध्ये जाणार.

गुजरातची मैत्रीण म्हणाली, "मग ती पुन्हा कुणापाशी तोंड उघडेल का?" छत्तीसगडचे एक सर तेवढ्याच तळमळीने म्हणाले की या कलमात जरा फट ठेवली तर पहिली आत शिरेल ती शाळेची अब्रू. मला दोघांचंही पटलं, पण सरांचं जास्त. मुलीला त्रास देणारा घरातला असेल, नात्यातला असेल किंवा शाळेतलाच कुणी असेल, तर "आपसात मिटवू", "पोरीचं लग्न व्हायचंय", "संस्थेचं नाव जाईल" ही वाक्यं आपल्याकडे किती सहज येतात हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिथे कळवण्याची सक्तीच हवी. त्यावर मला चर्चासुद्धा नको.

पण आपसांतल्या मर्जीने जवळ आलेली सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं त्याच चौकटीत बसवणं मला पटत नाही. डॉक्टरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये वाट काढली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. खबर जाते, पण मुलगी झाकलेली राहते. शाळेतल्या समुपदेशकाला निदान एवढी तरी मोकळीक मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

हा प्रश्न आता आमच्या वर्गापुरता राहिलेला नाही. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता, हे आठवलं की आदेश उशिराच आला असं वाटतं. मला भीती वेगळीच आहे. पद भरायला पैसे नसले की ते एखाद्या बाईंकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जाईल. दोन दिवसांचं शिबिर होईल, परीक्षेचा ताण कसा घालवायचा ते शिकवतील. आणि एक दिवस मधल्या सुट्टीत एक मुलगी दार लोटून आत येईल. तेव्हा त्या बाईंना कलम १९ माहीत नसेल, किंवा माहीत असेल पण मुलगी सगळं बोलून झाल्यावर आठवेल. "कुणाला सांगणार नाही" असं म्हणायचं आणि मग सांगायचं, याहून वाईट त्या पोरीचं काय करणार आपण?

म्हणून मर्यादा आधी सांगायची. नाव, इयत्ता विचारायच्याही आधी. आमच्याकडच्या नववी-दहावीच्या मुलींना समजेल असं लिहून बघितलं:

"हे बघ, तू इथे जे बोलशील ते मी वर्गात, शिक्षकांत, तुझ्या घरी कुणाला सांगणार नाही. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. आणि अठराच्या आतल्या कुणाशी शरीराच्या बाबतीत काही घडलं असेल, मग ते मर्जीने का असेना, तर ते पोलिसांना कळवणं मला कायद्याने भाग आहे. तसं काही करायची वेळ आली तर आधी तुला सांगेन, आणि शेवटपर्यंत तुझ्याबरोबर असेन. आता तुला वाटेल तेवढं बोल."

मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं ऐकून खरी अडचणीतली मुलगी उठून जाईल. जाईलही. पण ती सगळं समजून जाईल, आणि जायचं की थांबायचं हे तिचं तिने ठरवलेलं असेल. जाताना तिच्या हातात काहीतरी द्यायला हवं म्हणून खोलीच्या दारामागे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हे नंबर मोठ्या अक्षरांत लावायचे. "मर्जीने का असेना" हे शब्द मात्र अजून खटकतात. नको असलेलं घडलेल्या मुलीला ते टोचतील. उद्या गटात यावरच बोलू.

ऑक्टोबरपासून इंटर्नशिप आपल्याच शाळेत. मुख्याध्यापकांना इथूनच पत्र टाकते. प्रयोगशाळेमागची खोली हवी, कारण ग्रंथालयाच्या कोपऱ्यात सगळं ऐकू जातं. नोंदींसाठी कुलपाचं कपाट हवं आणि त्याची किल्ली माझ्याकडेच राहील. "काय म्हणाली ती?" असं कुणी विचारायचं नाही, त्यांनीसुद्धा नाही. आणि पालकसभेत पहिली दहा मिनिटं मला हवीत, म्हणजे मुलींना जे सांगणार तेच आईवडिलांनाही आधीच सांगता येईल.