डोंगर दारात असलेली शहरे

सातारकराला पत्ता विचारला, तर तो पूर्व-पश्चिम अशा दिशा सांगत नाही. "अजिंक्यताऱ्याकडं तोंड करा, आता डाव्या हाताला," असे त्याचे सांगणे असते. मी ज्या घरात वाढले त्याच्या गच्चीवरून किल्ल्याची तटबंदी दिसते, आणि तिच्यावर ढग उतरला की आई हातातले काम टाकून दोरीवरचे कपडे काढायला धावते. त्यामुळे परक्या गावात उतरल्यावर आधी डोंगर कुठे आहे ते पाहायचे, ही सवय मला कुणी मुद्दाम लावलेली नाही. ऑस्ट्रियात ती फार उपयोगी पडली. इथल्या प्रत्येक शहराचे आपल्या डोंगराशी वेगळे नाते आहे, आणि ते उमगले की शहराशी ओळख व्हायला वेळ लागत नाही, असे माझे दोन वर्षांच्या भटकंतीनंतरचे मत आहे.

धातुशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी लेओबेनला राहते. श्टायरमार्क प्रांतातले, मुर नदीच्या वळणात वसलेले आणि खाणी-पोलादावर वाढलेले हे लहान शहर आहे. इथून इतर शहरे गाठायला मला वार्षिक तिकिटाने मदत केली. २०२१ पासून देशभरातल्या जवळजवळ सगळ्या रेल्वे, ट्राम आणि बस एकाच तिकिटावर चालतात, आणि सव्विशीच्या आतल्यांना ते सवलतीत मिळते. तिकीट एकदा काढलेलेच असल्यामुळे एखादे शहर एका दिवसात उरकून टाकण्याची घाई राहत नाही. शनिवारी सकाळी उठून नुसते भाजी आणायला दुसऱ्या शहरात जाता येते. इथे आल्यावर आजीचा पहिला फोन आला तेव्हा तिने अभ्यास, थंडी, जेवण यांपैकी काहीच विचारले नाही. "तिथलं पाणी मानवलं का गं?" एवढेच तिने विचारले. या प्रश्नाचे नीट उत्तर मला बऱ्याच महिन्यांनी, व्हिएन्नात मिळाले.

इन्सब्रुकमध्ये डोंगर शोधावा लागत नाही. मारिया थेरेसिया रस्त्यावर उभे राहिले की रस्त्याच्या टोकाला, रंगीत घरांच्या छपरांवर, नॉर्डकेटेची करडी भिंत उभी दिसते, आणि पहिल्या खेपेला तर ती अंगावर येते. शहराच्या मधोमध, सम्राट मॅक्सिमिलियनच्या काळात १५०० च्या सुमारास बांधलेल्या सज्जावर सोन्याचा मुलामा दिलेले २,६५७ तांब्याचे पत्रे चमकत असतात आणि पर्यटक त्यांचे फोटो काढत असतात. मला मात्र तिथून दोन मिनिटांवर असलेल्या राजदरबारच्या चर्चमधले २८ ओतीव पुतळे अधिक आवडले. माणसापेक्षा मोठ्या आकाराचे, काळपट काशाचे राजे-राण्या तिथे मॅक्सिमिलियनच्या थडग्याभोवती पहाऱ्याला उभे आहेत, आणि थडगे रिकामे आहे, कारण सम्राटाचे दफन शेवटी इथून दूर, व्हिएन्नाजवळच्या वीनर नॉयश्टाटला झाले. ओतकामाची विद्यार्थिनी असल्यामुळे मी त्या पुतळ्यांच्या झग्यांच्या चुण्या पाहण्यात इतका वेळ घालवला की रखवालदार दोनदा जवळ येऊन गेला.

शहरातूनच डोंगरावर जाणारी गाडी निघते. तिची स्थानके वास्तुविशारद झाहा हदीद यांनी २००७ साली उभारली. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फासारखी त्यांची पांढरी छपरे आहेत. पुढे दोन तारगाड्या बदलल्या की अर्ध्या-पाऊण तासात माणूस सुमारे ५७५ मीटरवरून सव्वादोन हजार मीटरच्या वर, हाफेलेकारला पोहोचतो. तिथे मला माझ्या आजोबांच्या वयाचे, हातात काठी असलेले एक गृहस्थ भेटले. जर्मनमध्येही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' आहेत, आणि अनोळखी वडीलधाऱ्याला 'तुम्ही' म्हणणे मला घरूनच ठाऊक असल्यामुळे मी तसे बोलले. ते हसून म्हणाले, "हजार मीटरच्या वर 'तुम्ही' चालत नाही, इथे सगळे 'तू'." ही रीत सगळ्या ऑस्ट्रियात आहे, हे मला नंतर कळले. मी कशीबशी त्यांना अरे-तुरे करत राहिले. प्रत्येक वेळी जीभ अडखळत होती. गंमत म्हणजे खाली हुंगरबुर्गला तारगाडीतून उतरताच त्यांनी टोपी उचलून अगदी शिस्तीत 'तुम्ही' म्हणून माझा निरोप घेतला.

साल्झबर्गला मी पहिल्यांदा रविवारी गेले, हे चुकलेच. रविवारी दुकाने बंद असतात हे ठाऊक असूनही डबा न नेल्यामुळे स्थानकावरच्या पावावर दिवस काढावा लागला, वर पाऊस. इथल्या संततधार बारीक पावसाला लोक 'दोऱ्यांचा पाऊस' म्हणतात आणि त्याची तक्रार ज्या जिव्हाळ्याने करतात ती ऐकून मला महाबळेश्वरच आठवले. मोझार्टचे जन्मघर, १०७७ साली बांधायला घेतलेला गड, लोखंडी पाट्यांची गल्ली हे सारे त्या दिवशी छत्र्यांच्या गर्दीत पाहून झाले; त्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे.

मला साल्झबर्ग आवडू लागले ते तिसऱ्या खेपेला, गड सोडून शेजारच्या साधूंच्या डोंगराकडे लक्ष गेल्यावर. हा डोंगर जुन्या शहराला पाठीशी घेऊन उभा आहे, आणि घरे त्याच्या कड्याला इतकी चिकटली आहेत की काहींची मागची भिंत म्हणजे कडाच आहे. १६६९ च्या जुलैमध्ये एका रात्री कडा कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर, अठराव्या शतकापासून, शहराने डोंगर साफ करणारी माणसे पगारावर ठेवली, आणि ते पद आजही आहे. मी गेले त्या दिवशी दोराला लोंबकळणारा त्यांच्यातला एक जण मला दिसला. त्याने आधी लोखंडी अवजाराने कड्यावर टकटक करून पाहिले, कान दिला, मग थोडे सरकून पुन्हा टकटक केली. कुंभार मडके वाजवून पाहतो तसे. एका जागी आवाज बद्द आला असावा, कारण तो तिथेच थांबला, फटीत अवजार घालून त्याने दोन-तीन झटके दिले, आणि ताटाएवढी कपची खाली, दोरी बांधून मोकळ्या ठेवलेल्या जागेत येऊन पडली. खाली उभ्या असलेल्या एका बाईंनी मान वर न करता आपली पिशवी उचलली आणि त्या पुढे गेल्या. आपल्याकडे दर पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्याची बातमी वाचत मोठी झालेली मी त्या टकटकीकडे बराच वेळ पाहत राहिले. याच डोंगरातून १७६० च्या दशकात शहराने एक बोगदा आरपार काढला आहे आणि त्याच्या तोंडावर 'दगड तुझी साक्ष देतात' अशा अर्थाची लॅटिन ओळ कोरली आहे. ती आर्चबिशपच्या स्तुतीसाठी असली, तरी दोरावरच्या माणसाला ती जास्त शोभते.

ग्रात्सबद्दल मी निःपक्षपातीपणे लिहू शकत नाही. लेओबेनची मुरच पुढे ग्रात्समधून वाहते, गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे हे शहर साताऱ्यासारखे आहे. ऐन शहरात किल्ल्याचा डोंगर, श्लोसबेर्ग, आणि त्याच्या पायथ्याला पेठा. डोंगर फार उंच नाही, चौकापासून जेमतेम सव्वाशे मीटर. कड्यावर खोदलेल्या २६० पायऱ्या चढून मी दर वेळी वर जाते. लिफ्ट आहे, पण अजिंक्यतारा पायी चढणाऱ्या मुलीने लिफ्टने किल्ल्यावर जाणे बरे दिसत नाही.

वर किल्ला मात्र उरलेला नाही. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजेने वेढा घातला तेव्हा मूठभर शिबंदीने गड लढवला आणि तो पडला नाही. पण लढाई दुसरीकडे हरली, तह झाला, आणि तहाच्या अटीप्रमाणे तटबंदी सुरुंग लावून पाडावी लागली. नऊच वर्षांनी, १८१८ साली, इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा आणि दरवाजे असेच उडवून दिले होते, त्यामुळे हा इतिहास वाचताना मला तो परका वाटला नाही. फरक एवढाच की ग्रात्सच्या नागरिकांनी वर्गणी काढून फ्रेंचांना पैसे भरले आणि दोन मनोरे सोडवून घेतले. त्यांतला एक घंटेचा. तिथली 'लीझल' नावाची घंटा दिवसातून तीनदा १०१ ठोके देते. दुसरा घड्याळाचा, आणि त्याचे काटे उलटे आहेत: लांब काटा तासाचा, आखूड काटा मिनिटांचा. अठराव्या शतकात बसवलेल्या या घड्याळाला आधी फक्त तासकाटा होता, दुरून दिसावा म्हणून लांब केलेला. मिनिटकाटा नंतर आला आणि त्याला उरलेल्या लांबीत भागवावे लागले. पहिल्या भेटीत या घड्याळावर विसंबून मी स्थानकावर निघाले आणि माझी परतीची गाडी चुकली, हे सांगायला आता हरकत नाही.

खाली कैझर योसेफ चौकात आसपासचे शेतकरी आपला माल विकायला बसतात. तिथे भोपळ्याच्या बियांचे तेल मिळते, श्टायरमार्कचा अभिमानच तो: बाटलीत जवळजवळ काळे, चमच्यात धरले की गर्द हिरवे, आणि वासाला भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारे. मी मोठ्या हौसेने बाटली आणली आणि त्यात मोहरी-हिंगाची फोडणी दिली. आमटी कडूझार झाली आणि खोलीभर धूर झाला. पुढच्या शनिवारी ते तेल विकणाऱ्या आजींना मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी शेजारच्या भाजीवाल्याला हाक मारून पुन्हा सांगायला लावली. मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "हे तेल तापवायचं नसतं, बाळ. वरून घालायचं, मीठ घालतो तसं." तेव्हापासून मी ते कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीवर घेते, आणि माझ्या मते दह्यातल्या काकडीवर ते आपल्या कच्च्या तेलाच्या तोडीचे लागते. तिथले लोक ते व्हॅनिला आइस्क्रीमवरही घालतात. मी एकदा खाऊन पाहिले. वाईट नाही, पण पुन्हा मागवणार नाही.

व्हिएन्नाला जाताना सेमरिंगचा घाट लागतो. १८५४ साली सुरू झालेला हा ४१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १४ बोगदे आणि १६ मोठे पूल घेऊन डोंगर ओलांडतो, आणि काम सुरू झाले तेव्हा एवढा चढ चढू शकेल असे इंजिनच अस्तित्वात नव्हते. आधी वाट बांधायला घेतली, मग तिच्यासाठी इंजिनांची स्पर्धा लावली. आपला बोरघाट यानंतर नऊ वर्षांनी, १८६३ मध्ये, सुरू झाला. गाडी हळू झाली आणि खिडकीत दुमजली कमानींचा पूल वळताना दिसला की डब्यात कुणीतरी वडे-चटणी घेऊन यावे असे मला अजून दर वेळी वाटते.

घाट उतरला की सपाटी लागते, आणि पहिल्या काही भेटींत व्हिएन्ना मला आपले वाटलेच नाही. शहर भव्य आहे, ऑपेरा उभ्याने स्वस्तात पाहता येतो, ट्राम रात्री उशिरापर्यंत असते. पण डोंगर म्हणावा तर पश्चिमेच्या अंगाला द्राक्षमळ्यांच्या टेकड्या, आल्प्सचा संपत आलेला पदर. रिंगरस्त्यावर उभी राहून मी दिशा शोधत राहायचे.

मग एका शनिवारी एका जुन्या कॉफीगृहात बसले होते. इथे कॉफीबरोबर न मागता चांदीच्या रंगाच्या तबकात पाण्याचा पेला येतो आणि त्यावर चमचा आडवा ठेवलेला असतो. पाणी थंड होते, आणि त्याला चव होती. पाण्याला चव असते हे साताऱ्याबाहेर राहून मी विसरले होते. वाढप्याला मी विचारले तेव्हा तो काहीसा दुखावून म्हणाला, "बाई, हे नळाचं आहे. डोंगराचं."

घरी येऊन मी वाचले. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या विहिरी दूषित होत्या आणि पटकीच्या साथी येत होत्या. एडुआर्ड झ्यूस या भूशास्त्रज्ञाने डोंगरातले झरेच शहरात आणावेत असा आग्रह धरला, आणि १८७३ साली आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी शहरात येऊन कारंज्यातून उडाले. ते अपुरे पडू लागल्यावर १९१० साली दुसरी वाहिनी आली, १८० किलोमीटर लांब, आणि तिचे झरे होखश्वाब डोंगराच्या पायथ्याशी आहेत, म्हणजे आमच्या श्टायरमार्कात, लेओबेनच्या उत्तरेला. वाटेत पंप नाही. केवळ उतारावरून वाहत हे पाणी सुमारे ३६ तासांत व्हिएन्नाला पोहोचते. कास तलावाचे पाणी असेच उताराने साताऱ्याला येते, हे आम्हाला शाळेच्या सहलीत दाखवले होते. तेव्हा आमचे सगळे लक्ष डब्यांकडे होते.

आता व्हिएन्नाला गेले की पेल्यातले पाणी दुसऱ्या वाहिनीचेच असे धरून मी हिशेब करते. शनिवारी दुपारी चारला पेला समोर आला, म्हणजे हे पाणी शुक्रवारी पहाटे चारला होखश्वाबखालून निघाले. मी तेव्हा त्याच डोंगराच्या अलीकडे झोपले होते, आणि त्याच्या नंतर निघूनही त्याच्या आधी पोहोचले. टाक्यांत ते किती वेळ थांबते हे मी हिशेबात धरत नाही. त्या रात्री आजीला फोन करून सांगितले, की इथले पाणी मानवले. "इतक्या दिवसांनी सांगतेस होय," ती म्हणाली, आणि लगेच विचारले, "विहिरीचं आहे का झऱ्याचं?"