कानिगोवरून ज्योत आणताना

कानिगो डोंगरावरची खरी रेस, पळायची, ऑगस्टमध्ये असते. वेर्ने-ले-बँ गावातून निघायचं, कानिगोच्या शिखराला जायचं आणि परत, साधारण ३४ किमी. तुलूजला राहणारा माझा एक मित्र (मूळचा सांगलीचा) म्हणाला रेसचं नंतर बघू, तू आधी २२ जूनला ये, सेंट जॉनच्या सणाला. गेलो.

कानिगो फ्रान्समध्ये आहे पण मनाने कॅटलान, म्हणजे सीमेपलीकडच्या स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या भाषा-संस्कृतीचा. उंची २,७८४ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा हजार-अकराशे मीटर जास्तच. पेर्पिन्यां शहरात कास्तिये नावाचा जुना लाल विटांचा किल्ला आहे, पूर्वी तिथे तुरुंग होता, तिथे एक ज्योत वर्षभर जपतात, ती २२ तारखेला वर नेतात, रात्री शिखरावर जाळ करतात आणि त्याच जाळावर कंदील पेटवून लोक खाली येतात. मग २३ च्या संध्याकाळी गावोगाव होळ्या पेटतात. हे १९५५ पासून चालू आहे, आर्ल-सुर-टेक गावच्या फ्रान्सेस्क पुजाद यांनी सुरू केलं, आणि १९६६ मध्ये, स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट असताना, ज्योत सीमा ओलांडून पलीकडेही गेली.

आता हे ऐकून कुठल्याही सातारकराला काय आठवणार? शिवज्योत! प्रतापगडावरून मशाल घेऊन रात्रभर आळीपाळीने पळणारी पोरं, मागे टेम्पो, त्यावर स्पीकर. मीही पळलोय, हातावर तेलाचे चटके घेऊन. इथे स्पीकर नाही, घोषणा नाहीत, नुसता वारा.

मी कोर्तालेच्या रेफ्यूजवरून (डोंगरातली मुक्कामाची झोपडी, २,१५० मी.) निघालो आणि सवयीने घड्याळ चालू करून चढ दामटला, १ तास १० मिनिटांत वर. शिखरावर लोखंडी क्रूस, त्याला पिवळ्या-लाल पट्ट्यांचा कॅटलान झेंडा गुंडाळलेला, आणि थंडी अशी की जून आहे हे विसरा. नंतर जाळावरून कंदील पेटवला आणि उतरायला लागलो, म्हटलं उतार आपला, इथे टाइम काढू.

दुसऱ्याच वळणावर विझला. काचेचं दार नीट बसलं नव्हतं, आणि मी उड्या मारत होतो. लायटर होता खिशात पण तो वापरायला मन होईना, ती ज्योत राहिली नसती ना मग! तसाच बाजूला थांबलो. मागून सत्तरीच्या एक आजी काठी टेकत आल्या, काही विचारलं नाही, गुडघा दगडाला लावून बसल्या, आपल्या कंदिलाची मेणबत्ती बाहेर काढून माझी लावली, दार स्वतः खटकन बसवलं आणि म्हणाल्या, ‘आ पोक आ पोक.’ हळूहळू.

मग काय, त्यांच्याच मागे चालत खाली. २ तास ४० मिनिटं.

स्ट्राव्हावर (पळण्याची नोंद ठेवणारं ॲप) पुण्याच्या ग्रुपमधल्या एकाची कमेंट आलीये, ‘उतरताना पाय मुरगळला का रे?’