दोन तारणं

शनिवार, रात्र

पाऊस उघडेना म्हणून आजही फिरणं बुडालं. आठवडाभर युलिसिस ग्रँट वाचतेय. अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा सरसेनापती, पुढे आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष. पन्नास डॉलरच्या नोटेवरचा दाढीवाला तो हाच. चरित्रात लढायाच लढाया आहेत, पण मी अडकले ती एका पावतीवर. सेंट लुइस, २३ डिसेंबर १८५७. सोन्याचं घड्याळ आणि साखळी गहाण, रक्कम २२ डॉलर.

नाताळ दोन दिवसांवर आलेला.

मी तेवीस वर्षं बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर काढली. जूनमध्ये फीसाठी, त्याच सुमारास पेरणीसाठी, मग दवाखान्यासाठी माणसं बारमाही यायची. बायका पाटल्या खिडकीशी येऊनच काढायच्या, अगदी शेवटच्या क्षणी. पुरुष रुमालाच्या पुरचुंडीत आणायचे आणि सराफ डाग कसाला लावत असताना बाहेर रस्त्याकडे बघत उभे राहायचे. 'दोन महिन्यांत सोडवून नेतो,' हे कुणी न विचारताच सांगायचे. ग्रँटही तसाच उभा राहिला असेल, असं सारखं वाटत राहिलं. पस्तिशीचा, वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकलेला, मेक्सिकोच्या लढाईत नाव काढलेला माणूस. १८५४ मध्ये कॅप्टन असताना त्याने नोकरी सोडली. बायकामुलं हजारो मैल दूर, एकटेपणा, आणि दारूची कुजबुज तर आयुष्यभर पाठीला चिकटलेली. सासऱ्याच्या जमिनीवर शेती केली, स्वतःच्या हातांनी ओंडक्यांचं घर बांधलं, सेंट लुइसच्या रस्त्यांवर जळाऊ लाकूड विकलं. त्यात सत्तावनची मंदी आली.

याच काळातली आणखी एक नोंद. सासऱ्याकडून त्याच्याकडे आलेला विल्यम जोन्स नावाचा गुलाम त्याने १८५९ मध्ये कोर्टात जाऊन मुक्त केला. विकला असता तर घड्याळाच्या कितीतरी पट पैसे आले असते. अर्थात बायकोच्या माहेरचे गुलाम त्याच्या घरात राबत होतेच, तेही लिहून ठेवायला हवं.

नावाची गंमतही लिहून ठेवते. खरं नाव हायरम युलिसिस. शिफारस करणाऱ्या खासदाराने अर्जात 'युलिसिस एस.' लिहिलं, लष्कराने तेच धरलं, आणि 'एस'चा काहीच अर्थ नसताना तो जन्मभर तेवढा राहिला. आमच्या शाखेत त्याला आधी प्रतिज्ञापत्र आणायला पाठवलं असतं.

सोमवार

काल लिहायला जमलं नाही, पाहुणे होते.

१८६० मध्ये हा माणूस इलिनॉयमधल्या गलीनाला वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली होता. मार्च १८६४ मध्ये उत्तरेची सगळी सैन्यं त्याच्या हुकमाखाली. मधल्या चार वर्षांत डोनेल्सन, शायलो, व्हिक्सबर्गच्या लढाया. हे सगळं नकाशा समोर घेऊन वाचलं तरी मला नीटसं कळत नाही. कळला तो सुरुवातीचा एक प्रसंग. मिसूरीत हॅरिस नावाच्या कर्नलवर चालून जाताना छाती इतकी धडधडत होती की परत फिरावंसं वाटलं, पण तसं सांगायचंही धैर्य नव्हतं, असं तो स्वतःच कबूल करतो. टेकडी चढून बघतो तर हॅरिस कधीच पळालेला. मी त्याला जेवढा घाबरलो होतो तेवढाच तोही मला घाबरला होता, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

९ एप्रिल १८६५, अ‍ॅपोमॅटॉक्स. दक्षिणेचा सेनापती ली कडक गणवेशात, तलवार लावून. ग्रँट साध्या शिपायाच्या डगल्यात, बुटांवर चिखल. डोकं रात्रभर ठणकत होतं, लीची चिठ्ठी आली तसं थांबलं. शरणागतीच्या अटींत दक्षिणेच्या अधिकाऱ्यांना कमरेची शस्त्रं ठेवू दिली, सैनिकांना घोडी-खेचरं घरी नेऊ दिली, कारण नांगरणीचे दिवस आले होते. २५,००० माणसांची शिधासामग्री देऊ केली. विजयाच्या तोफा सुरू झाल्या त्याही थांबवायला लावल्या. पण मला हेही विसरता येत नाही की त्याच्या आदल्याच वर्षी कोल्ड हार्बरला याच माणसाने हजारो शिपाई खंदकांवर झोकून दिले होते. त्या हल्ल्याचा पश्चात्ताप त्याला जन्मभर राहिला.

मंगळवार, दुपार

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना अर्पण केली. तेव्हा तिथे अध्यक्ष होता ग्रँट. काळ्या पुरुषांना मताचा हक्क देणारी पंधरावी दुरुस्ती १८७० ची. पुढच्या वर्षी कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना मोडायला त्याने साउथ कॅरोलिनात सैन्य वापरलं. आणि नेमक्या त्या १८७३ च्या ईस्टरला लुइझियानात कोलफॅक्सला काळ्या लोकांची कत्तल झाली. मारेकऱ्यांवरचे खटले सर्वोच्च न्यायालयात टिकले नाहीत. पुण्यापर्यंत यातलं काय पोचत असेल?

१८७९ च्या फेब्रुवारीत जगप्रवासात तो मुंबईलाही आला होता, गव्हर्नर रिचर्ड टेंपलचा पाहुणा म्हणून मलबार पॉइंटला. त्याच महिन्यात लष्करी हिशेबखात्यातल्या एका माजी कारकुनाने, वासुदेव बळवंतांनी, धामारीवर पहिला दरोडा घातला. एका बाजूला सलामी आणि मेजवान्या, दुसऱ्या बाजूला दुष्काळाने खंगलेला मुलूख.

मंगळवार, रात्र

आता माझ्या खात्यातलं. अध्यक्ष असताना भोवतालच्या मंडळींनी दारूच्या करापासून कशाकशात हात मारले, हा माणूस मात्र ज्याच्यावर विश्वास टाकला त्याची बाजू सोडायला तयार नसे. न्यूयॉर्कला मुलाच्या भागीदारीतल्या पेढीत त्याने सगळं गुंतवलं. पेढी चालवणारा फर्डिनांड वॉर्ड एकच रोखे दोन-दोन, तीन-तीन कर्जांना तारण लावायचा आणि नव्या पैशातून जुन्यांना नफा वाटायचा. मला हे वाचताना अक्षरशः घाम फुटला. एवढ्यासाठी तर आम्ही रजिस्टरला रजिस्टर लावून बसायचो! मे १८८४ मध्ये वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँटने व्हँडरबिल्ट या धनाढ्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले. दोन दिवसांत पेढी बुडाली.

आणि मग दुसरं तारण. कर्ज फेडायचं म्हणून त्याने तलवारी, पदकं, जगभरातून मिळालेल्या भेटी, सगळं व्हँडरबिल्टच्या नावे करून दिलं. तो म्हणे, राहू दे. ग्रँट ऐकेना.

त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. बायकोसाठी पैसे हवेत म्हणून हा माणूस आठवणी लिहायला बसला. लेखक मार्क ट्वेन प्रकाशक. (तो जन्मला ते मिसूरीतलं फ्लोरिडा गाव, आणि कर्नल हॅरिसच्या मागावर ग्रँट निघाला होता तो त्याच गावाच्या दिशेने. हे मला भारी आवडलं.) पाणी गिळतानासुद्धा आग, आवाज गेलेला, डोक्याला टोपी आणि गळ्याभोवती फडकं असा माउंट मॅकग्रेगरच्या ओसरीवर बसून लिहितोय, हा फोटो बराच वेळ बघत बसले. बोलता येईना म्हणून डॉक्टरांना चिठ्ठ्या लिहायचा. एकीत म्हणतो, मी सर्वनाम नसून क्रियापद असावं. असणं, करणं, सोसणं, तिन्ही माझ्यात आहेत.

मजकूर संपवला आणि काही दिवसांत, २३ जुलै १८८५ ला गेला. पुढच्या वर्षी बायकोला, ज्युलियाला, पुस्तकाचा पहिलाच धनादेश आला २ लाख डॉलरचा. तलवारी, पदकं घरी राहिली नाहीत. ज्युलियामार्फत ती सरकारकडे गेली, वॉशिंग्टनच्या संग्रहालयात.