एकरुखचा भराव

सोलापूरला आलेला पाहुणा तळं पाहतो ते सिद्धेश्वराचं. तुळजापूरला निघालाच तर हिप्परग्यापाशी गाडीच्या काचेतून मोठं पाणी दिसतं, "केवढा तलाव!" म्हणतो आणि पुढे जातो. यंदाच्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिथे उतरलो आणि पाण्यापेक्षा भरावावरच जास्त रमलो.

आदिला नदी अडवून केलेला हा एकरुख तलाव १८७१ साली पुरा झाला, म्हणजे खडकवासल्याच्याही आधी. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ची. तिचा भोंगा वाजण्याआधीपासून इथे पाणी साठतंय. दोन किलोमीटरहून लांब बांध, आणि मुख्य भार माती-मुरुमावर. लाटांनी माती धुपू नये म्हणून पाण्याकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग. त्यावरून चालताना हे धरण आहे असं वाटतच नाही, एखादा लांबट माळ वाटतो.

मातीचं धरण थोडंफार पाझरतंच. पायथ्याशी येणारं पाणी नितळ असेल आणि वाढत नसेल तोवर फारशी काळजी नाही. ते गढूळ झालं की मात्र आतली माती वाहू लागली, असं समजायचं. भरावावर झाडं नकोत तीही याचसाठी: मूळ कुजलं की आत पोकळी राहते आणि पाण्याला वाट मिळते. वेडी बाभूळ आपल्याकडे न लावता उगवते, त्यामुळे ती काढण्याचं काम कधी संपत नाही. २०१९ मध्ये कोकणात तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडणाऱ्या मंत्र्यांची आपण भरपूर चेष्टा केली. खेकड्यांना आरोपी करणं हास्यास्पद होतंच, पण बिळांचं दुखणं खोटं नाही.

काठावर एक मासेमार मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून उतरत होते.

"मामा, काय घावलं?"

"चिलापीच की. दुसरं काय घावणार?"

"पाणी बरंय औंदा."

"उजनीचं बी येतंय की आता."

हे मला भारी वाटलं. भीमेवरचं उजनी धरण १९८०चं. त्याचं पाणी कालव्याने या तलावात येतं आणि इथून उपसून दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडे जातं. नातवाने आजोबांच्या हातखर्चाला पैसे द्यावेत, तसं. नुसत्या आदिलेवर हे तळं दरवर्षी भरेल, एवढा पाऊस आपल्या जिल्ह्यात कुठला! त्यातच शेतांतली काळी माती वाहून येते आणि गाळ साचत राहतो. एवढ्याशा पाण्यावर शेतीचा हक्क, शहराच्या नळांचा हक्क, मासेमारांचा हक्क. शिवाय हिवाळी पाहुणे वेगळेच: पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, कधी रोहित म्हणजे फ्लेमिंगोही उतरतात.

अतिवृष्टीत हेच तळं सांडव्यावरून वाहू लागलं की आदिलेच्या काठच्या वस्त्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून इथल्या माणसाला तलाव भरल्याचा आनंदही जरा जपूनच होतो.

जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, उन्हं चढायच्या आत. दुर्बीण घ्या, पाण्यात उतरू नका. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांनी हा रस्ता भरून जातो, तेव्हा गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका. खाण्याची सोय पाण्याकाठी शोधत बसू नका; कडक भाकरी आणि शेंगा चटणी शहरातूनच बांधून घ्या.