आमची वाटचाल: हब आणि रिमच्या मधली तबकडी

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं काम लेथच्या जॉबवर्कवर उभं राहिलं. शाफ्ट, बुश, पुली, पंपाचे सुटे भाग. गाड्यांची कामं टायरवाल्यांकडून यायला लागली ती स्पेसरच्या, म्हणजे हब आणि रिमच्या मध्ये बसणाऱ्या चकतीच्या, रूपात: "दहा एमएमच्या चार चकत्या काढून द्या," एवढंच सांगणं. तशी ऑर्डर आता घेत नाही. गाडीचं मॉडेल, रिमवरचा ईटीचा आकडा (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारा भाग किती मि.मी. बाहेरच्या बाजूला आहे), हबचा (रिमच्या मधल्या भोकात जाणाऱ्या गोल कडेचा) व्यास आणि स्टड, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, किती बाहेर येतो हे आधी लिहून घेतो. जाडी त्यानंतर ठरते.

गिऱ्हाईक बहुधा पीसीडीवरच (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) थांबतो. स्विफ्ट 4×100 (चार भोकं, 100 मि.मी.), होंडा सिटीही 4×100, मग रिम बसणारच! पण स्विफ्टचा हब 54.1 मि.मी. आणि सिटीचा 56.1. सिटीची रिम स्विफ्टवर चढते, मात्र 2 मि.मी. ढिली. मग तिला मधोमध धरायचं काम एकट्या नटांवर येतं आणि हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. तिथे अ‍ॅडॅप्टर (भोकांची मांडणी बदलणारी, स्वतःचे स्टड असलेली जाड चकती) लागत नाही. बाहेरून 56.1, आतून 54.1 अशी रिंग पुरते. भिंत जेमतेम 1 मि.मी. स्विफ्टची रिम सिटीवर मात्र चढतच नाही.

नटांचंही तसंच. सुझुकीचे स्टड एम12×1.25 (व्यास 12 मि.मी., दोन आट्यांतलं अंतर 1.25), होंडा, टोयोटा, ह्युंदाईचे एम12×1.5. चुकीचा नट हातानं एखाददुसरा आटा जातो, पुढे नट आवळायच्या गननं दाबला की आटे सोलून निघतात. शिवाय होंडाच्या कंपनीच्या नटाची बैठक (रिमला टेकणारी बाजू) गोल, बाजारातल्या बहुतेक अलॉयची 60 अंशांची कोनाकृती. गोल नट कोनात नुसत्या कडेवर टेकतो, ठरलेला जोर झाला म्हणून टॉर्क रेंच टक्क वाजतो, आणि पुढे नट सैल होतो. व्हील सुटल्याच्या बऱ्याच तक्रारींत स्पेसरला उगाच दोष लागतो, खरा गुन्हेगार ही बैठक असते.

साध्या स्पेसरला आमची मर्यादा आट्यांवर आहे. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेलाच पाहिजे, म्हणजे एम12×1.25 ला साडेनऊच्या थोडे वर फेरे, एम12×1.5 ला आठ. तेवढे मिळत नसतील तर लांब स्टड, नाहीतर काम परत. सुमारे 10 मि.मी.ची जाडी सगळ्यात अडचणीची: हबची कड त्यात गडप होते आणि स्पेसरवर नवी कड काढायला धातू पुरत नाही. म्हणून 5 च्या खाली किंवा 15 च्या वर, मधलं शक्यतो नाही.

जाडीचा हिशेब गिऱ्हाइकासमोर कागदावर करतो. मूळ रिम 5जे (5 इंच रुंद) ईटी45, नवी 7जे ईटी35: आतली कड 15 मि.मी. आत, बाहेरची 35 मि.मी. बाहेर. आत शॉकअ‍ॅब्सॉर्बरला घासतं म्हणून 20 चा स्पेसर टाकला की आतलं भांडण मिटतं, पण टायर मूळपेक्षा 55 मि.मी. बाहेर येतो. बेअरिंगवरची तरफ वाढते, स्टिअरिंग खड्ड्यात हाताला ओढ देतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे मूळ तपशील बदलण्यावर बंधनही आहे. टायर मडगार्डबाहेर जाणार असेल तर आमच्याकडून जाडी मिळत नाही.

पीसीडी बदलणारे अ‍ॅडॅप्टर हे वेगळं प्रकरण. माल 6061-टी6 अ‍ॅल्युमिनियमचा राउंड बार, कास्टिंग कधीच नाही. दाबून बसवलेले स्टड 10.9 ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, पोलादाचे. 4×100 वरून 4×108 करताना नवे स्टड 45 अंश फिरवले की जुन्या-नव्या केंद्रांत 40 मि.मी. राहतात, काम आरामात होतं. 5×100 (पोलो) वरून 5×114.3 ला 36 अंशांवर सुमारे 34 मि.मी. बोल्टच्या सॉकेटसाठी 27 चा खड्डा आणि स्टडची जागा वजा जाता 13 मि.मी. धातू उरतो. चालतं.

जिम्नीला फॉर्च्युनरच्या रिम हव्यात, ही मागणी सारखी येते. दोन्हींचा पीसीडी 139.7, एकीला पाच भोकं, दुसरीला सहा. एकाच वर्तुळावर पाच आणि सहा भोकं कशीही फिरवली तरी एक जोडी 6 अंशांच्या आतच येते. केंद्रांतलं अंतर 7.3 मि.मी., आणि स्टड 12 चा! एका तुकड्यात ते बसूच शकत नाही. वर जिम्नीचा हब 108.1 आणि फॉर्च्युनरच्या रिमचं भोक 106.1. नाही म्हणतो.

बसवताना हबचा गंज वायर ब्रशनं चकचकीत होईपर्यंत काढावा. राहिलेला कण रिमच्या कडेला कितीतरी पट डगमग दाखवतो. डायल गेजवर चकतीचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) 0.05 मि.मी.च्या आत हवा. नट हातानं लावून आडवे-तिरपे आवळायचे, एम12 ला सुमारे 100 न्यूटन-मीटर, पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. मग वाईपर्यंत जाऊन परत या, गाडी थंड होऊ द्या, पुन्हा टॉर्क. अ‍ॅडॅप्टरवर नटांचे दोन थर असतात, एक हबवर, दुसरा रिमवर; आतला थर तपासायला रिम काढावीच लागते. पंक्चरवाला हे करत नाही.

आणि स्टेपनी. पीसीडी बदलला की मूळ स्टेपनी अ‍ॅडॅप्टरवर बसत नाही. रस्त्यात आधी अ‍ॅडॅप्टर काढावा लागतो, मग मूळ नटांनी स्टेपनी बसते. ते नट आणि चकतीतल्या नटाच्या खड्ड्यात जाणारा पातळ भिंतीचा सॉकेट डिकीत ठेवल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही.