लाल शेरा

"मॅडम, लकवा तं म्हाताऱ्या मानसायले होते ना?"

वह्या तपासत होते, पेन तिथंच थांबलं. दारात तिसरीतल्या पोराची आई. पोरगा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. परवा सकाळी उठला तर उजवा हात उचलेना, तोंड वाकडं.

ती गेल्यावर त्याची वही काढली. दिवाळीपर्यंत टपोरं अक्षर. मग ओळ सोडून घसरत गेलेलं, 'क'चा अर्धा भाग गायब. खाली माझाच लाल शेरा : 'लक्ष देऊन लिहावे.'

एवढी वर्षं गडचिरोलीत काढली. सिकलसेल म्हणजे हातपाय ठणकणं, रक्त चढवणं, एवढंच डोक्यात. या आजारातल्या विळ्यासारख्या रक्तपेशी मेंदूच्या रक्तवाहिन्याही खराब करतात, हे आज ओळखीच्या डॉक्टरांकडून कळलं. कधी लकवा दिसतच नाही, आत बारीक घाव होतात आणि पोरगं नुसतं अभ्यासात मागं पडतं. (आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे.)

२ ते १६ वर्षांच्या सिकलसेलच्या मुलांची दरवर्षी डोक्याची डॉप्लर (सोनोग्राफीसारखी) तपासणी करायची असते. सुई नाही, भूल नाही. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त आला की लकव्याचा धोका. मग नियमित रक्त चढवून लकव्याचे बहुतेक झटके टाळता येतात. हे १९९८ पासून माहीत आहे!

आई जाताना म्हणाली, "डाव्या हातानं लिवला तं चालते ना, मॅडम?"

तुमच्याकडे होते का हो ही तपासणी? कुठं?