किचन अर्थिंग अपडेट: एमसीबी खाली, तरी आरसीसीबी पडतोच

किचनच्या अर्थिंगच्या कामात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (फेजमधून गेलेल्या आणि न्यूट्रलमधून परतलेल्या करंटमध्ये तेवढा फरक पडला की लाइन तोडणारा स्विच) बसला, टेस्ट बटण नीट चाललं, आणि लगेच नवी डोकेदुखी: बाथरूमचा गीझर लावला की ट्रिप. गीझरची कॉइल ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) स्वच्छ, म्हणजे गळती नाही. गंमत म्हणजे किचनचा न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जोडलेली पट्टी) सोडवला की गीझर मुकाट चालतो. नुसती किचनची एमसीबी (जास्त करंटला पडणारा स्विच) पाडून मात्र काही फरक नाही.

उघडच आहे, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि किचनमध्ये तो कुठेतरी अर्थला चिकटलाय. गीझर घेतो ८.७ ॲम्पिअर. मेन न्यूट्रलचा रोध ०.१ ओहम धरला तर न्यूट्रल अर्थच्या वर ०.८७ व्होल्ट चढतो. अर्थच्या वाटेचा रोध १० ओहम असला तरी ८७ मिलिॲम्पिअर तिकडून पळतात, म्हणजे न्यूट्रलमधून तेवढे कमी परततात. ३०च्या वर, म्हणून ट्रिप. नुसते पंखे-दिवे असताना हाच आकडा पाचच्या आसपास, म्हणून रात्रभर शांतता.

शोधायची पद्धत: मेन आणि आरसीसीबी बंद, टेस्टरने खात्री, सगळे प्लग काढायचे, न्यूट्रल एकेक करून सोडवायचे आणि प्रत्येकाचा अर्थ बारशी (सगळ्या अर्थ वायरी जोडलेली पट्टी) रोध बघायचा. किचनचा आला ३ ओहम. मेगरवर किमान १ मेगाओहम हवा. मग सॉकेट एकेक उघडत जायचं. ओव्हनच्या १६ ॲम्पिअर सॉकेटमागे जुनी उघडी तांब्याची अर्थ वायर न्यूट्रलच्या स्क्रूला टेकलेली सापडली. उथळ बॉक्समध्ये वायरी कोंबल्या की हेच होणार. वायरवर हिरवी स्लीव्ह, बॉक्स खोल, आणि मीटर थेट मेगाओहममध्ये! गीझर चालू, आरसीसीबी जागेवर.

तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर इथे कुचकामी: न्यूट्रल-अर्थ जोडलेले असले तरी तो 'सगळं ठीक' दाखवतो. पैसे लीकेज क्लॅम्पमध्ये (वायरीभोवती अडकवून गळतीचा करंट मोजणारं मीटर) घाला. साध्या क्लॅम्पला मिलिॲम्पिअर दिसतच नाहीत.

स्टीलच्या सिंकला बॉन्डिंग करायचा (वायरने अर्थला जोडायचा) आधीचा बेत तूर्त रद्द. सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप आणि प्लास्टिकचा ड्रेन असेल तर सिंक ते अर्थ बार रोध आधी मोजा. २३ किलोओहमच्या वर असेल तर २३० व्होल्टलाही १० मिलिॲम्पिअरपेक्षा कमी जाईल. उगाच अर्थ जोडून सिंकला फॉल्टचं व्होल्टेज कशाला आणून द्यायचं? गॅसच्या पाइपाला अर्थिंग म्हणून तर हात लावू नका.

लिहिता लिहिता सुचलं: पूर्ण घराला एकच आरसीसीबी ठेवण्यापेक्षा किचनला वेगळा डबल पोल आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र) द्यावा. तो न्यूट्रलही तोडतो, आणि पावसाळ्यात ओव्हनच्या एलिमेंटने ओल धरली तर फ्रिज बंद पडू नये म्हणून फ्रिजची लाइन त्यातून वगळायची. डीबीत (स्विचांच्या मुख्य बॉक्समध्ये) दोन मॉड्यूलची, म्हणजे दोन खाचांची जागा आहे का, ते आधी बघतो.